मधली सुट्टी वर्गात नको : शाळांना आणि पालक-शिक्षक संघांना खुले पत्र

प्रति,
सर्व मुख्याध्यापक, वर्गशिक्षक आणि पालक-शिक्षक संघांचे सदस्य यांस,

सप्रेम नमस्कार.

पारा उतरू लागला की शाळेतून एक सूचना घरी येते. माझ्या मुलाच्या वहीत ती पहिल्यांदा आली तेव्हा तो दुसरीत होता. थंडी वाढल्यामुळे पुढील सूचनेपर्यंत मधली सुट्टी वर्गातच होईल, मैदानावरचा तास होणार नाही, असे तिच्यात लिहिले होते. ती ‘पुढील सूचना’ यायला अडीच महिने लागले. तोवर मुले बाकावर बसूनच डबे खात होती, खिडक्या बंद असत आणि एकाला सर्दी झाली की आठवड्याभरात निम्मा वर्ग शिंकत असे. सूचना काळजीपोटीच निघाली होती, याबद्दल मला शंका नाही. मी सही करून वही परत पाठवली आणि गप्प बसले. तेव्हा बोलायला हवे होते, हे मनात राहून गेले आहे. म्हणून आज लिहिते आहे.

त्याच हिवाळ्यात आम्ही पाच-सहा कुटुंबांनी ठरवले की शाळेत मुलांना मोकळी हवा मिळत नसेल, तर रविवारी आपण त्यांना बाहेर न्यायचे. जवळच्या झाडीत, पाण्याकाठी, नाहीच जमले तर एखाद्या मोठ्या बागेत. अकरा हिवाळे झाले. पहिली मुले आता आमच्यापेक्षा उंच झाली आहेत आणि धाकट्यांना तीच सांभाळून नेतात. या अकरा वर्षांत एक गोष्ट पक्की कळली. मुलांना बाहेर सोडायचे की नाही, हे कॅलेंडर बघून ठरवायचे नसते. वारा किती आहे, ओल किती आहे, हवेत धूर किती आहे हे बघायचे असते. आणि त्याहून आधी मुलाच्या पायातले मोजे कोरडे आहेत का, ते बघायचे असते.

सर्दीची भीती सर्वांत मोठी, म्हणून आधी तिच्याविषयी. सर्दी विषाणूंमुळे होते. गार हवेने नाकाची प्रतिकारशक्ती थोडी मंदावते असे दिसून आले आहे, पण विषाणूच नसेल तर नुसत्या गारठ्याने सर्दी होत नाही. तो विषाणू एका मुलाकडून दुसऱ्याकडे जायला सर्वांत सोयीची जागा म्हणजे दारे-खिडक्या लावून घेतलेली, भरलेली खोली. म्हणजे सर्दी टाळण्यासाठी आपण मुलांना नेमके तिथेच बसवतो.

दुसरी गोष्ट डोळ्यांची, आणि ती फार कमी पालकांना ठाऊक असते. चीनमधल्या ग्वांगझू शहरात बारा प्राथमिक शाळांमध्ये २०१० पासून तीन वर्षे एक प्रयोग झाला. निम्म्या शाळांमधल्या पहिलीच्या मुलांना रोज ४० मिनिटांचा एक जादा तास वर्गाबाहेर दिला, उरलेल्या शाळांचे वेळापत्रक होते तसेच ठेवले. तीन वर्षांनी नेहमीच्या वेळापत्रकातल्या ३९.५ टक्के मुलांना लघुदृष्टीचा दोष जडलेला होता, तर बाहेर जाणाऱ्यांमध्ये हे प्रमाण ३०.४ टक्के होते. यामागचे मुख्य कारण उजेड असावा, असे संशोधक मानतात. वर्गात साधारण ३०० ते ५०० लक्स (उजेड मोजायचे एकक) उजेड असतो. बाहेर ढगाळ दिवशीसुद्धा तो काही हजार लक्स भरतो. हिवाळ्यात दिवस आधीच लहान. त्यातला उजेडाचा ऐन दुपारचा भाग मुलांनी भिंतीआड काढायचा, हे मला पटत नाही.

याहून कितीतरी कडक थंडीच्या देशांत लोक काय करतात, तेही पाहा. स्वीडनमध्ये १९५७ साली योस्टा फ्रोम यांनी लहान मुलांना रानात नेण्यासाठी ‘स्कूग्समुल्ले’ नावाचे एक काल्पनिक पात्र तयार केले. रानात राहणारा, झाडांची आणि प्राण्यांची काळजी घेणारा हा जीव मुलांना भेटायला येतो आणि त्याच्या निमित्ताने मुले रानाशी ओळख करून घेतात. पुढे १९८५ मध्ये स्टॉकहोमजवळच्या लिडिंगे इथे एक बालवाडी निघाली. तिथली मुले वर्षभर, पावसात आणि बर्फातही, दिवसाचा बराचसा वेळ उघड्यावर असतात. पुढे तशा अनेक बालवाड्या निघाल्या. तिथली मुले काही वेगळ्या हाडामांसाची नसतात. त्यांच्या अंगावर योग्य कपडे असतात आणि सोबतच्या मोठ्या माणसांची बाहेर राहायची तयारी असते, एवढाच फरक.

कपड्यांबद्दल थोडे सविस्तर लिहिते, कारण बाहेरची दहातली नऊ रडारड कपड्यांमुळे होते. आमच्या दुसऱ्याच सहलीत एका चार वर्षांच्या मुलीचा पाय डबक्यात गेला. बूट वरून पुसला आणि आम्ही पुढे निघालो. अर्ध्या तासाने ती बोलेनाशी झाली, मग हुंदके देऊ लागली. मोजा काढला तर बोटे पांढरी आणि गार पडलेली. तिच्या आईने पाऊल स्वतःच्या पोटाशी धरले, हळूहळू रंग परत आला आणि सगळे निभावले. चूक माझी होती. मोजे सुती होते आणि दुसरा जोड कोणाच्याच पिशवीत नव्हता. सुती कापड ओले झाले की ओलेच राहते आणि अंगातली ऊब ओढून घेते. लोकर ओली झाली तरी बरीच ऊब धरून ठेवते. म्हणून अंगालगत लोकरीचा किंवा घाम बाहेर टाकणाऱ्या कृत्रिम धाग्याचा पातळ कपडा, त्यावर ऊबदार थर आणि सर्वांत वर वारा अडवणारे काहीतरी. एका जाड कोटापेक्षा असे तीन थर बरे, कारण मूल धावून तापले की एक काढता येतो आणि थांबले की परत चढवता येतो. बूट किंचित सैल हवेत, बोटे आत हलली पाहिजेत. घट्ट बुटात दोन मोजे कोंबले तर पाय लवकर गारठतो. आणि मोजे-हातमोज्यांचा एक जादा जोड प्रत्येक मुलामागे, प्लास्टिकच्या पिशवीत.

आणखी एक लक्षात ठेवायला हवे. वजनाच्या मानाने मुलांच्या अंगाचा पृष्ठभाग जास्त असतो, म्हणून ती मोठ्यांपेक्षा लवकर गार पडतात. पण खेळात रमलेले मूल ‘मला थंडी वाजतेय’ असे सांगत नाही. मानेच्या मागे, कॉलरच्या आत बोट घालून पाहायचे. तिथे ऊब असेल तर हात-नाक गार असले तरी चालते. मूल अडखळू लागले, बोलणे जड झाले, विनाकारण चिडचिडे किंवा सुस्त झाले, तर लगेच आत न्यायचे, ओले कपडे बदलायचे आणि काहीतरी गरम प्यायला द्यायचे. पोट भरलेले असेल तर थंडी कमी बाधते, म्हणून खाऊ हाताशी हवाच.

आता ज्यासाठी एवढा खटाटोप करायचा, त्याकडे येते.

हिवाळ्यात बाहेर बघायला काही नसते, असे मला एका शिक्षिकेने सांगितले होते. मला तर उलटा अनुभव आहे. पानगळीच्या झाडांची पाने गेली की झाड पहिल्यांदा नीट दिसते. खोडाची साल, फांद्यांची ठेवण, उन्हाळाभर पानांआड लपलेली पक्ष्यांची घरटी. मुलांना फांदीचे टोक जवळून दाखवा. जिथे पान तुटले तिथे एक छोटा व्रण असतो आणि त्याच्याच वर कळी असते. ही कळी हिवाळ्याआधी, उन्हाळ्यातच तयार झालेली असते आणि येणाऱ्या वसंताची पाने तिच्या आत घड्या घालून बसलेली असतात. हे कळल्यावर एका मुलाने मला विचारले, ‘म्हणजे झाड मेलेलं नाहीये? त्याने तयारी करून ठेवलीये?’ त्यानंतर तो मुलगा दर रविवारी तीच फांदी बघायला जात असे. कळी फुटायला नऊ आठवडे लागले आणि त्याने ते मोजले.

धुक्याची सकाळ मिळाली तर कोळ्यांची जाळी बघायला जा. एरवी ती नजरेला पडत नाहीत. धुक्यात प्रत्येक धाग्यावर दवाचे मणी बसतात आणि एका कुंपणावर किती कोळी राहतात ते उघड होते. मोजायला लावा, मुले कंटाळत नाहीत. पडलेल्या ओंडक्याखाली किंवा सुटलेल्या सालीखाली लेडीबर्ड भुंगे दाटीवाटीने थंडी काढत असलेले सापडतात. इथे एकच नियम : उचललेले लाकूड होते तसेच, होते तिथेच, हलक्या हाताने परत ठेवायचे. ते त्यांचे घर आहे आणि हिवाळ्यात त्यांना दुसरे शोधता येत नाही.

पक्षी बघण्यासाठी तर हा ऋतू नवशिक्यांचाच. झाडे उघडी असतात, पक्षी दिसतात, आणि थंड प्रदेशांतून आलेले पाहुणे पाण्याकाठी थव्याने उतरतात. १९०० सालच्या नाताळात अमेरिकेत फ्रँक चॅपमन यांनी सुचवले की सणाच्या दिवशी पक्षी मारायच्या चढाओढीऐवजी पक्षी मोजूया. त्या पहिल्या गणनेत २५ ठिकाणी २७ माणसे होती. ती गणना आजही दर हिवाळ्यात होते. ब्रिटनमध्ये १९७९ साली मुलांसाठी म्हणून बागेतले पक्षी तासभर मोजण्याचा उपक्रम सुरू झाला, दर जानेवारीत, आणि आता त्यात घरेच्या घरे भाग घेतात. फेब्रुवारीत चार दिवसांची एक जागतिक गणना होते, तिची अट फक्त पंधरा मिनिटे एका जागी बघत राहण्याची आहे. पंधरा मिनिटे! कोणताही वर्ग एवढा वेळ काढू शकतो. सगळे पक्षी ओळखता आले पाहिजेत असेही नाही. आठ-दहा नेहमीचे पक्षी ओळखू आले की मुले बाकीचे स्वतःच विचारू लागतात.

जिथे बर्फ पडतो तिथे तर शाळेला प्रयोगशाळा आयती मिळते. काळ्या कापडाचा तुकडा बाहेर ठेवून गार होऊ द्या, मग त्यावर हिमकण झेला आणि भिंगातून बघा. सहा कोन दिसतील. अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यातल्या जेरिको गावी विल्सन बेंटली नावाचा शेतकऱ्याचा मुलगा होता. त्याची आई पूर्वी शिक्षिका होती, तिनेच त्याला घरी शिकवले आणि तिच्याचकडचे सूक्ष्मदर्शक त्याला मिळाले. १५ जानेवारी १८८५ रोजी, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, त्याने हिमकणाचे छायाचित्र घेतले. पुढच्या आयुष्यात त्याने अशी पाच हजारांहून अधिक छायाचित्रे घेतली. मुलांना विज्ञानाची गोडी कशी लागते, असा प्रश्न मला कुणी विचारला तर मी हीच गोष्ट सांगते. हिमकणाचा आकार हवेच्या तापमानावर आणि ओलाव्यावर ठरतो. उणे ५ अंशांच्या आसपास सुया आणि बारीक दांडे बनतात, उणे १५ अंशांच्या आसपास फांद्याफांद्यांचे मोठे तारे. म्हणजे बाहीवर पडलेला कण बघून वरच्या ढगात काय चालले आहे, त्याचा अंदाज मूल बांधू शकते. पावलांचे ठसेही वाचायला शिकवा. ससा उडी मारतो तेव्हा त्याचे लांब मागचे पाय पुढच्या पायांच्या पुढे टेकतात. त्यामुळे तो कोणत्या दिशेला गेला हे सांगताना मोठी माणसेसुद्धा हमखास चुकतात.

आणि आकाश. पालकांनो, यासाठी शाळेची वाट बघू नका. उत्तर गोलार्धात हिवाळ्यात सूर्य लवकर मावळतो, म्हणजे झोपायच्या वेळेआधी मुलांना पुरता काळोख मिळतो. डिसेंबर-जानेवारीत संध्याकाळी पूर्वेला मृग वर येतो. त्याच्या पोटात घुसलेल्या बाणाचे तीन तारे एका ओळीत, ते चुकूच शकत नाहीत. ती ओळ एका बाजूला वाढवली की व्याध, रात्रीच्या आकाशातला सर्वांत तेजस्वी तारा. दुसऱ्या बाजूला वाढवली की तांबूस रोहिणी आणि तिच्याही पुढे कृत्तिकांचा पुंजका. कृत्तिका किती दिसतात ते प्रत्येकाला मोजू द्या, उत्तरे वेगवेगळी येतात आणि भांडण छान रंगते. डिसेंबरच्या १३-१४ तारखेच्या रात्री मिथुन राशीतून उल्का पडतात. त्या तुलनेने सावकाश जातात, आणि पहाटेपर्यंत थांबावे न लागता रात्री लवकर दिसू लागतात, म्हणून लहान मुलांसाठी वर्षातला हाच उल्कावर्षाव मला सर्वांत योग्य वाटतो. बहुतेक उल्कावर्षाव धूमकेतूंच्या धुळीचे असतात, हा मात्र १९८३ मध्ये सापडलेल्या फेथॉन नावाच्या लघुग्रहाचा आहे. सतरंजीवर पांघरुणात आडवे व्हायचे, मोबाइल खिशात ठेवायचा आणि अर्धा तास धीर धरायचा. डोळ्यांना काळोखाची सवय व्हायला तेवढा वेळ लागतोच.

याला जोडून एक काम वर्गासाठी. मैदानात एक काठी रोवा आणि दर सोमवारी दुपारी ठरलेल्या वेळी तिच्या सावलीच्या टोकाशी खूण करा. दक्षिणायन संपेपर्यंत सावली लांबत जाते, मग आखडू लागते. तेव्हा मुलांना विचारा की पृथ्वी सूर्यापासून लांब गेल्यामुळे थंडी पडते का. बहुतेक हो म्हणतील. मग सांगा की जानेवारीच्या सुरुवातीला पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते, सुमारे १४.७ कोटी किलोमीटरवर, आणि जुलैच्या सुरुवातीला सर्वांत लांब, १५.२ कोटी किलोमीटरवर. थंडीचे कारण अंतरात नसून कललेल्या आसात आहे, हे त्या काठीच्या सावलीसमोर उभे राहून जेवढे कळते तेवढे फळ्यावर कळत नाही.

काही वेळा आत राहणेच बरे, हेही स्पष्ट सांगते. हिवाळ्यात जमिनीलगतची गार हवा वरच्या उबदार हवेखाली अडकते आणि धूर तिथेच साचून राहतो. ज्या दिवशी हवेचा निर्देशांक वाईट असेल त्या दिवशी मैदान बंद ठेवा, मी तक्रार करणार नाही. इतर दिवशी ऊन वर आल्यावर बाहेर पडा. वारा मोजा : शून्य अंश तापमानात ताशी ३० किलोमीटर वारा असेल तर अंगाला उणे ६ अंशांसारखे वाटते. ज्या मुलांना दमा आहे त्यांच्या तोंडावर रुमाल किंवा मफलर हवा आणि औषध सोबतच्या मोठ्या माणसाच्या खिशात हवे, दप्तरात नको. गोठलेल्या तळ्यावर मुलांनी स्वतःहून पाऊल टाकायचे नाही, हा नियम कधीही शिथिल करू नका. चालण्यासाठी किमान दहा सेंटीमीटर जाडीचा स्वच्छ, घट्ट बर्फ लागतो आणि पांढरट बर्फ त्याच्या निम्म्यानेच मजबूत असतो. ही जाडी मोजायला जाणकार माणूसच हवा. ताजे हिम अतिनील किरण ८० टक्क्यांपर्यंत परत फेकते, म्हणून उंचावर उन्हाचा चष्मा आणि ऊन अडवणारे मलम थंडीतही लागते.

आता माझे मागणे. ‘थंडीमुळे पुढील सूचनेपर्यंत’ ही सरसकट सूचना बंद करा. त्याऐवजी रोज सकाळी एका शिक्षकाने वारा, पाऊस आणि हवेचा निर्देशांक बघून त्या दिवसापुरता निर्णय घ्यावा. ज्या दिवशी बाहेर जाता येईल त्या दिवशी मधली सुट्टी बाहेरच व्हावी, आणि आठवड्यातून एक तास कोणत्याही विषयाचा असो, उघड्यावर घ्यावा. भाषेचा तास धुक्यात घेऊन बघा, मुले काय लिहितात ते तुम्हीच वाचाल.

आणि एक खोका. पालक-शिक्षक संघाला ही विनंती मी हात जोडून करते. घरोघरी लहान झालेले लोकरी मोजे, हातमोजे, कानटोप्या, बूट पडून असतात. ते धुऊन शाळेत एका खोक्यात ठेवा. ज्या मुलाकडे नसेल त्याने त्यातून घ्यावे, नोंद नको, विचारणा नको. पुरेसे कपडे नसल्यामुळे काही मुले बाहेर जात नाहीत आणि कारण मात्र ‘अंग दुखतंय’ असे सांगतात. हे मी पाहिले आहे. एका मुलाला आम्ही हातमोजे दिले तेव्हा त्याने ते घातले, मुठी उघडल्या-मिटल्या, आणि मग त्या दिवशी सर्वांच्या पुढे तोच चालत होता.

महिन्यातून एका रविवारी शाळेच्या नावाने कुटुंबांची सहल काढा. लांब जायची गरज नाही, दोन तास पुरतात. आजी-आजोबांनाही बोलवा. त्यांना पक्ष्यांची आणि झाडांची जी नावे ठाऊक असतात, ती आमच्या पिढीला सांगता येत नाहीत. पहिली संध्याकाळ मृग बघण्यासाठी ठेवणार असाल तर वेळ कळवा. दुर्बीण, दोन सतरंज्या आणि मोज्यांची पिशवी घेऊन मी येते.

आपली नम्र,
एक पालक